चित्र : लेखक

गिरडच्या जंगलात, ऐन भादव्यात, शरयूबाई दोन तास चिखलात फतकल मारून बसल्या आणि त्यांनी त्या फुलाचं चित्र पुरं केलं. रोप जेमतेम बोटभर. पान नाही, हिरवेपणाचा ठिपका नाही. कुजल्या पाचोळ्यातल्या बुरशीवर जगणारं. शेवटी एक फूल सुईनं उघडून त्यांनी आतले पुंकेसर मोजले. तीन. पुन्हा मोजले. तीनच.

तोवर त्यांचे यजमान केशवराव, वर्ध्याच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, उरलेली सहाही रोपं मुळासकट उपटून मोकळे झाले होते.

"सगळे नोका नेऊ, साहेब," वाट दाखवणारा पुनाजी कळवळला. "दोन तरी राहू द्या. दुसरीकडं कुठंच नाई दिसले मले."

साहेब कसले ऐकतात! नवी जात सापडली होती, त्यांना हर्षवायू व्हायचाच बाकी होता.

घरी नेहमीच्या रिवाजानं रोपं टिपकागदात दाबून वर पाटा ठेवला. हिरव्या झाडांना ते चालतं. आठवड्यानं कागद उघडले तर काय, सहा काळे डाग! उरलं ते शरयूबाईंचं चित्र.

लेख मासिकात छापून आला. चित्राखाली दोन शब्द : 'चित्र : लेखक'.

"अहो, माझं नाव?"

"आता आपण दोघं काय वेगळे आहोत?" केशवराव हसले आणि त्यांनी चहा मागितला.

शरयूबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. तरी चहा दिला.

मग कलकत्त्याच्या तज्ज्ञाचं पत्र आलं. या कुळात पुंकेसर सहा असतात, चित्रात तीन कसे? नमुना पाठवा. नमुना कुठला पाठवणार, कपाळ!

"तीनच होते," शरयूबाई म्हणाल्या. "दोनदा मोजलेत मी. ठणकावून लिहा तसं."

"बघतो," केशवराव म्हणाले.

पुढच्या भादव्यात त्या हट्टानं गिरडला गेल्या. पुनाजीबरोबर दिवसभर पाचोळा चाळला. काही नाही.

"काही ठेवलंच नाई साहेबानं, बाई," पुनाजी म्हणाला. "तं उगवन कोठून?"

संध्याकाळी घरी आल्या, तर टेबलावर मासिकाचा नवा अंक उघडा पडलेला. खुलासा होता : 'सदर चित्र सौ. शरयू केशव देवपुजारी यांनी काढलेले असून, त्यांच्या नजरचुकीने पुंकेसर तीन दाखवले गेले. लेखक दिलगीर आहे.'

चिखलाच्या पायांनी त्या तशाच उभ्या राहिल्या.

"वाचलंस का?" केशवराव आतून म्हणाले. "आलं बरं तुझं नाव."