पाहुणे टिकेशची मॅच पाहायला येतात

कामठ्याच्या टिकेश बिसेनचं लग्न जुळत नव्हतं, आणि त्याला कारण त्याचा धंदा होता. तो बेसबॉल खेळायचा. शौक म्हणून नव्हे, चांगला महिन्याच्या पगारावर. गोंदियाच्या चंद्रकुमार सेठनं आपल्या राईस मिलच्या मागं मैदान आखलं होतं, नव्या लीगमध्ये टीम उतरवली होती, आणि टिकेश त्या टीमचा आऊटफिल्डर होता. फटका उंच आणि लांब गेला की पळत जाऊन झेलायचा, हे त्याचं काम. कामात तो चोख होता. घोळ शब्दात होता. "पोरगा का करते?" असं मुलीकडच्यांनी विचारलं की त्याचा बाप ग्यानीराम छाती फुगवून सांगायचा, "आऊटफिल्डर हाये!" आणि समोरचा माणूस हळूच चहाचा कप खाली ठेवायचा. चिचगडच्या एका पाहुण्यानं तर धीरही दिला होता. "होते भाऊ असं. आता आऊट केलं, पुढच्या साली घेतीन आतमंधी."

शेवटी नागऱ्याचे केशोराव म्हणाले, "मी पोराले कामावर पाह्यतो. मंग बोलू." त्यांची मुलगी योगेश्वरी म्हणाली, "मी बी येईन."

दिवाळी तोंडावर होती. मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकल्या होत्या. केशोराव, योगेश्वरी, ग्यानीराम आणि टिकेशची आई मुन्नीबाई अशी मंडळी बसली होती. टिकेशला लांबून केशोरावांची पांढरी टोपी दिसत होती. आज एक तरी झेल मिळावा, एवढंच त्याचं मागणं होतं. पण त्यांचा बॉल फेकणारा हेमेंद्र त्या दिवशी असा पेटला होता, की समोरच्या कुणाची बॅट बॉलला लागतच नव्हती. टिकेश उभा राहिला. गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिला. टोपी काढली, घातली, पुन्हा उभा राहिला.

"हा कायले उभा हाये?" केशोरावांनी विचारलं.

"बॉलची वाट पाहून राहिला," ग्यानीराम म्हणाला.

"मंग बॉल काऊन येत नाई?"

"आपला फेकणारा लय चांगला हाये न!"

केशोरावांनी हेमेंद्रकडे निरखून पाहिलं. "त्याचं लगन झालं का?"

हे ऐकलं मात्र, मुन्नीबाई पदर खोचून उठली आणि मैदानाच्या कडेला जाऊन ओरडली, "टिकेश! खांबावानी उभा काऊन हायेस रे? पय ना जरासा!"

टिकेश आईचा शब्द मोडत नसे, निदान लोकांसमोर तरी. तो पळायला लागला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. हवेत उडी मारली, नसलेला बॉल झेलला, स्वतःचाच ग्लोव्ह वर फेकून स्वतःच पकडला. बाजूला उभ्या दुसऱ्या आऊटफिल्डरनं, कैलाशनं, विचारलं, "मुंगळा चावला का बे?"

या भरात टिकेश पार बांधाजवळ पोचला. बांधापलीकडच्या धानात सारसाची जोडी पिल्लू घेऊन राहत होती. गप उभा राहणारा टिकेश त्यांच्या सवयीचा होता. हा नाचणारा टिकेश त्यांना पसंत पडला नाही. नरानं मान वर काढली. ती जवळजवळ टिकेशच्या मानेइतकीच उंच निघाली.

नेमका तेव्हाच बॅटचा टक्क आवाज आला. बॉल आभाळात चढला. टिकेश वर बघत मागं मागं सरकला, आणि त्याच्या ढुंगणाला चोच लागली. तो असा उडाला, की बॉल आपणहून ग्लोव्हमध्ये येऊन बसला. एवढा उंच तो आयुष्यात उडाला नव्हता.

फटका मारणारा बाद झाला. पण हेमेंद्रचे काही बॉल भरकटल्यानं समोरच्यांचा आणखी एक गडी फुकटात तिसऱ्या बेसवर पोचला होता, आणि झेल घेतल्यावर त्याला रन काढायला घराकडे, म्हणजे होम प्लेटकडे, पळायची मुभा असते. तो सुटला.

"फेक! फेक!" हेमेंद्र ओरडला.

फेकायचं तर थांबायला हवं होतं, आणि मागं पंख पसरून सारस येत होता. टिकेशनं बॉल छातीशी धरला आणि सरळ घराकडे धूम ठोकली. तो गडी हसत पळत होता. त्यानं बाजूला पाहिलं, हसू गेलं, घर विसरला आणि कडेला उभ्या धानाच्या ट्रकवर चढला. अंपायर सेठच्या गाडीत शिरला. टिकेशही ट्रकवर चढला आणि हात मोकळा होताच, सवयीनं, बॉल त्या गड्याच्या पाठीला टेकवला.

अंपायरनं गाडीची काच दोन बोटं खाली केली, "आऊट!" म्हणाला आणि काच परत वर केली.

सारस होम प्लेटवर पाय ठेवून, सगळ्यांकडे एकदा पाहून, सावकाश आपल्या पिल्लाकडे निघून गेला. ही रन कोणाच्या नावावर लिहायची, यावर कैलाशनं बराच वेळ वाद घातला.

"अरे टिकेश, तू तो हीरो हो गया रे!" चंद्रकुमार सेठ गाडीतूनच म्हणाले.

केशोराव खुर्चीमागून बाहेर आले. "पोरगा पयते," त्यांनी मान्य केलं. "पण रोज सारस कोठून आणाव?"

योगेश्वरीला हसून हसून उचक्या लागल्या होत्या. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी टिकेशला दिलं. "तुमी रोज असेच पयता?"

टिकेशला खोटं सुचलं नाही. "नाई जी. रोज नुसता उभा राह्यतो."

"उभं राहून का करता?"

"सारसाइले पाह्यतो. पिल्लू कवा कवा बांधावर येते."

तिची उचकी थांबली. "मंग मले बी दाखवा."

मॅच संपल्यावर दोघं बांधापासून बेतानं लांब जाऊन उभे राहिले. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग धान हललं आणि तपकिरी डोकं वर आलं, पुन्हा खाली गेलं. मागून मुन्नीबाई काहीतरी ओरडत होती, तिकडे टिकेशनं पहिल्यांदाच लक्ष दिलं नाही.

सोयरीक त्याच आठवड्यात पक्की झाली. पिल्लू उडेपर्यंत सारसांना त्रास नको म्हणून सेठनं मैदान उलटं फिरवलं, म्हणजे उंच फटके धानाकडे न जाता मिलकडे जातील. आता टिकेशची जागा मिलच्या भिंतीला लागून आली. तिथं भुसा उडतो, आणि तो दिवसभर शिंकत, डोळे पुसत बॉलची वाट पाहतो.