भूल उतरताना

वाकडे कणे सरळ करणारा जिल्ह्यातला पहिला डॉक्टर म्हणून परसरामचं नाव झालं, तरी आंधळगावात तो कोष्ट्याचं पोरगंच राहिला. घरचा माग सोडून नागपूरला हाडांचं शिकला आणि गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली भंडाऱ्याला परतला. "खरंच मोठा डॉक्टर असता तं परत आला असता का?" असं लोक म्हणत, आणि पाठ दाखवायला त्याच्याकडेच येत.

नाकाडोंगरीच्या चौदा वर्षांच्या स्वातीची पाठ नागिणीसारखी वळली होती. आदल्या संध्याकाळी त्यानं तिला समजावलं, "कण्याले सळी बसवली का मधातच तुले उठवीन. पाय हालवजो. हालले तं नस शाबूत."

"पाठ उघडीच राहीन?"

"हो. पण दुखणार नाही."

तिची आजी सत्यभामा म्हणाली, "पाठ उघडी टाकून कोणी लेकराले उठवते का, बापा?" परसराम हसला. आजी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सळी बसली. पाठ अशी सरळ आली की सहायक वीरेंद्रच्या तोंडून "वा, सर" निघून गेलं. परसरामला ते आवडलं नाही; काम पुरं होण्याआधीचं कौतुक दृष्टीसारखं लागतं. नागपूरहून सकाळीच आलेल्या भूलतज्ज्ञ रितामॅडमनी भूल उतरवत आणली. वीरेंद्र पायांवरची चादर उचलून उभा राहिला.

"स्वाती, माझा हात दाब," मॅडम म्हणाल्या.

काही नाही.

"स्वाती, ऐकतेस ना?"

हात तसाच, पाय तसेच. "श्वास स्वतःचा घेतेय, सर. जागी आहे ती," मॅडम म्हणाल्या.

जखमेतून रक्त झिरपत होतं. आता पोर नुसती खोकलली असती तरी घात झाला असता. पाय गेले म्हणावं, तर हात का हलू नये? सळी तर हातांच्या नसांच्या किती खाली. मग परसरामच्या लक्षात आलं, मॅडमचा आवाज तिला परका होता. अंधारात परक्या आवाजानं नाव घेतलं तर ओ द्यायची नाही. भूत दोनदाच बोलावतं. तिसरी हाक माणसाची. त्यालाही लहानपणी हेच शिकवलं होतं.

तो तिच्या कानाशी वाकला. "स्वाती, मी परसराम डॉक्टर. मीच आहो, दुसरं कोणी नाही. हात दाब."

"दाबला," मॅडम म्हणाल्या.

"आता पाय हालव, बाई."

उजवा हालला. डावा नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. डावा नाही. याला भूतही कारण नव्हतं.

परसरामनं त्या पाठीकडे पाहिलं. इतकी सरळ त्याच्या हातून आजवर झाली नव्हती.

"सळी ढिली कर. नस ताणली," त्यानं वीरेंद्रला सांगितलं.

"सर, परत वाकेल."

"वाकू दे."

पाठ थोडी खचली. तिघंही थांबले. "डावा, स्वाती." बऱ्याच वेळानं डाव्या पायाचा अंगठा जरासा हालला. या वेळी कोणी वा म्हटलं नाही.

बाहेर आजी उभीच होती. "सरळ झाली?"

"पुरी नाही. थोडी वाकडी ठेवली, पायासाठी."

"मंग उभी राहीन?"

"डाव्या पायाचा अंगठा हालला, आजी."

"मी तुले अंगठ्याचं नाही इचारलं, बापा."