कप्पी आणि धुरपताचा उजवा हात

मी कारधा गावातल्या जागेश्वरच्या घरची लोखंडी कप्पी बोलतेय. वीस वर्षं मी विहिरीवर करकरले. मग दारात नळ आला आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर गंजत पडले. राग यायचा, पण सांगणार कुणाला?

यंदा धानाच्या रोवणीच्या वेळी जागेश्वरची बायको धुरपता शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरली आणि उजव्या हातावर पडली. आपल्याकडे हात दुखला की आधी चोळणारा शोधतात, डॉक्टर शेवटी. दोन महिने तेल जिरलं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. वेणी घालायलाही लेक दामिनी लागायची. अखेर भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तो हात बाजूला उचलून धरायला सांगितला आणि वरून जरा दाबला. हात लगेच खाली आला. सोनोग्राफीत खांद्याचा स्नायू अर्धवट फाटलेला निघाला. तीन महिने व्यायाम करा, फरक पडला नाही तर ऑपरेशन, असं ते म्हणाले. ऑपरेशनच्या नावानं धुरपता दोन दिवस नीट जेवली नाही.

व्यायामाला कप्पीवरून सोडलेली दोरी हवी होती, तिची दोन टोकं दोन हातांत धरायची. जागेश्वरला मी आठवले. त्यानं माझा गंज खरवडला, तेल घातलं आणि मला दाराच्या चौकटीला टांगलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण पंधरा दिवसांत दुखणं वाढलंच. दामिनीनं व्यायामाचा व्हिडिओ काढून फिजिओथेरपीच्या रिता मॅडमना पाठवला. त्यांचा फोन आला, "काकू, तुम्ही तर विहिरीचं पाणी ओढून राहिल्या. चांगल्या हातानं ओढा. दुखरा नुसता वर जाऊ द्या."

"मंग ह्या हातानं काय बसून खावं?" धुरपता म्हणाली. जन्मभर राबलेली बाई ती, हाताला सुटी देणं तिला पापच वाटलं. थोडा दोष माझाही. मला पाहून तिचे हात जुन्या सवयीनं चालले होते.

त्या दिवसापासून डावा ओढू लागला, उजवा वर येऊ लागला. आधी कानापर्यंत, मग कपाळाच्याही वर. पुढे रबराच्या पट्टीनं ताकदीचे व्यायाम सुरू झाले. माणसांनो, खांदा दुखला तर चोळण्याआधी दाखवून घ्या, आणि दुखऱ्या हाताला विसावा द्यायला लाजू नका.

काल तीन महिने भरले. डॉक्टरांनी पुन्हा हात दाबला, तो खाली आला नाही. ऑपरेशन टळलं. घरी येताच धुरपता देवाजवळचा कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याखाली उभी राहिली. जागेश्वर स्टूल आणायला निघाला.

"राहू द्या जी," ती म्हणाली. दोरीला न धरता तिनं उजवा हात सरळ वर नेला आणि माझ्या चाकाला कुंकवाचं बोट लावलं.