कलेजी-चरबी

ओरिनबायचं दुखणं त्याला, बायकोला आणि लेकीला, एवढ्यांनाच ठाऊक होतं. चौथ्याच्या कानावर जाता कामा नये, असं त्याच्या बायकोने, कुल्याशने, बजावलं होतं. मोठ्या आतड्याला आतून जखमा, शौचातून रक्त, गोळ्या जन्मभर. डॉक्टर म्हणाला, हे जात नाही, सांभाळत राहायचं. सांभाळत होता बिचारा. पण पोरगी लग्नाची झालेली, आणि रोगट घरातली सून कोण करून नेतो?

आज लेकीच्या, अकमारलच्या, होणाऱ्या सासरची माणसं सोयरीक पक्की करायला आली होती. सात पिढ्यांची नावं मोजून झाली, कुठेही रक्ताचं नातं निघालं नाही, सगळे खूश. ओरिनबाय सकाळपासून नुसत्या पेजेवर होता, तरी दोनदा उठून अंगणापलीकडच्या संडासात जाऊन आला.

"व्याही, घोडीला पाणी पाजायला जाता की काय सारखे?" मुलाचा बाप तुर्सिन हसला.

विहीणबाई हसल्या नाहीत. "तब्येत बरी आहे ना? एकुलता एक आहे हो आमचा, म्हणून विचारते. आमच्या शेजाऱ्यांकडे पोरीच्या घरच्यांनी आजार लपवला, आता निस्तरतायत."

कुल्याशचं तोंड उतरलं. तेवढ्यात ताट आलं. दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि कलेजी, उकडून चिरलेली. व्याह्यांनी ती एकमेकांना हाताने भरवायची. एकदा पोटात गेली की सोयरीक झाली, मग माघार नाही.

तुर्सिनने चांगली मूठभर उचलून समोर धरली. ओरिनबायने मुठीतल्या चरबीकडे पाहिलं. नको म्हणावं तर विहीणबाई टपूनच बसलेल्या. खावं तर आठवडाभर अंथरूण. दारात अकमारल चहाची किटली धरून उभी होती, पांढरीफटक. पोर घाबरलीय, त्याला वाटलं, बाप लग्न मोडतो की काय म्हणून. त्याने तोंड उघडलं.

"आमच्या घरात कसलाही आजार नाही, विहीणबाई," घास गिळत तो म्हणाला. "आणि माझी पोर तर ठणठणीत." वर आणखी एक घास मागून घेतला. एकच हशा झाला आणि सगळे एकमेकांना मिठ्या मारू लागले.

त्या गडबडीत तो बाहेर सटकला. संडासाला आतून कडी होती. थंडीत पोट आवळून उभा राहिला, तर आतून दाबलेलं कण्हणं ऐकू आलं. ते कण्हणं त्याला चांगलंच ओळखीचं होतं. कडी निघाली आणि अकमारल बाहेर आली, वाकलेली, हात पोटाच्या डाव्या बाजूला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"रक्त पडतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"अगं, मग बोलली का नाहीस? मी आत्ता त्यांना काय सांगून आलो..."

"बोलले असते तर तुम्ही तो घास खाल्ला असतात?" ती बापाला म्हणाली. "मला तो मुलगा आवडतो, आके."

"आणि त्या घरात काय करशील?"

"तुम्ही इतकी वर्षं जे केलंत तेच. बघत आलेय की मी."

ती वर्षं कशी गेली होती हे बाप जाणत होता. पोरीला जवळ घेऊन हंबरडा फोडावा असं त्याला वाटलं. पण घरातून कुल्याश हाका मारत होती, चहा ओतायला नवरी कुठे गेली म्हणून.

"जा," तो म्हणाला. "सरळ चाल. पोटावरचा हात काढ आधी, विहीणबाई बघतील."