चेहऱ्याभोवतीचा सांधा

साफ होऊन आलेल्या चित्रातली बाई पूर्वीपेक्षा जरा जास्तच हसते आहे, असं संग्रहालयातल्या चित्रांची सूची करणाऱ्या सूचीकारांना वाटलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चित्र अठराव्या शतकातलं. ते साफ केलं होतं त्यांच्याच जावयाने, आणि तेही आठवडाभर दाराला आतून कडी लावून.

चित्र अस्सल असल्याची सही आज सूचीकारांनी संग्रहालयाच्या अहवालावर करायची होती. जावयाने चेहरा बदलला असेल, तर त्या सहीने त्यांचं नाव मातीत जाणार. सही नाकारली, तर जावयाची नोकरी जाणार आणि लेकीचा संसार उघड्यावर येणार. बरं, जावयावर आळ घ्यायचा तरी कोणत्या तोंडाने?

म्हणून सकाळी कोणी यायच्या आत ते कार्यशाळेत शिरले. दिवा बाजूने तिरका धरला. चेहऱ्याभोवती चौकोनी उंचवटा दिसला, पाकिटावर चिकटवलेल्या तिकिटासारखा. चित्र उलटं करून त्यांनी भिंगाखाली कापडाचे धागे मोजले. चेहऱ्यामागे सेंटिमीटरला अठरा, झग्यामागे बारा. आपलंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. तेवढेच भरले. म्हणजे खरा चेहरा कापून नेला होता!

"किती भरले?" दारातून जावयाचा आवाज आला.

भिंग हातातून पडता पडता राहिलं. "अठरा आणि बारा," ते पुटपुटले. मग धीर करून म्हणाले, "जावईबापू, मूळ चेहरा कुठे आहे?"

"बाबा, चोर समजलात होय मला?" जावई हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. त्याने चित्र सुलटं केलं. "या बारीक भेगा बघा. गालावरून निघून सांधा ओलांडून थेट गळपट्ट्यापर्यंत गेल्यात. मी काल जोडलं असतं, तर सांध्यापाशी तुटल्या नसत्या? बाई चित्रकारासमोर बसली ती चेहऱ्यापुरती. तो छोट्या कापडावर रंगवला आणि मदतनिसांनी आधीच रंगवून ठेवलेल्या अंगात बसवला. तेव्हा काही जण करायचे असं."

"मग कडी कशाला?"

जावयाने दिवा जवळ ओढला. मग चौकोनाच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "इथे सांधा उघडा पडला होता. तो मी पुट्टीने बुजवला. अहवालातही लिहिला नाही."

"का?"

"तुमचं पुस्तक."

सूचीकार स्टुलावर बसले. बाईच्या हातातला मिटलेला पंखा म्हणजे तिचं वैधव्य, पायाशी कुत्रा म्हणजे तिची निष्ठा, अशी तीनशे पानं या एका चित्रावर लिहिली होती त्यांनी. आणि पंखा, कुत्रा दोन्ही तयार माल! कोणती बाई बसणार हे ठरायच्याही आधीचा. पिवळ्या पडलेल्या वार्निशखाली बाईचं हसू दबलं होतं, तसा तीस वर्षं त्यांनी सांधाही पाहिलाच नव्हता. की पाहायचा नव्हता?

"लपवायची ही अक्कल तुमची नव्हे," ते म्हणाले.

"तुमच्या लेकीची. म्हणाली, बाबा हाय खातील."

"तिला म्हणावं, बाप एवढा नाजूक नाही. आणि ती पुट्टी आधी काढा." आवाज मात्र बारीक झाला होता.

त्यांनी अहवाल पुढ्यात ओढला आणि लिहिलं, 'चेहरा वेगळ्या कापडावर, मूळ काळातच जोडलेला. पंखा व कुत्रा यांचे पूर्वीचे अर्थ ग्राह्य धरू नयेत.' लिहिलेलं एकदा वाचलं. मग 'पूर्वीचे' खोडून त्यावर 'माझे' लिहिलं आणि सही केली.