एकसष्ट मिलिमीटर

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षी जळकोटात पाऊसच नव्हता. शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक बघायचं काम महानंदाबाईंकडे होतं. रोज सकाळी साडेआठला त्या झाकण काढत, कोरडी बाटली बघत आणि वहीत ‘निरंक’ लिहीत. आकडा आता उस्मानाबादऐवजी लातूरला जायचा, एवढाच काय तो फरक.

दिवाळीच्या आधी रेडिओवर आंध्रच्या किनाऱ्याला वादळ धडकल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी वारा उगवतीकडून सुटला आणि तिन्हीसांजेपासून पाऊस कोसळू लागला.

सकाळी बाईंनी बाटलीतलं पाणी मापाच्या काचनळ्यात ओतलं. नळा वीस मिलिमीटरचा. तीनदा काठोकाठ भरला, वर एक उरलं. पाणी फेकून त्या पोस्टात गेल्या आणि फोनवर आकडा सांगितला.

“एकसष्ट?” पलीकडचा कारकून हसला. “बाई, लातुरात नुसता शिंतोडा हाय. सहा पूर्णांक एक असंल. तपासून सांगा.”

बाई फोन ठेवून बाहेर आल्या. नळा खरंच तीनदा भरला होता का? पाणी तर मातीत जिरलं होतं. आता तपासायचं कशात? उभ्या भिंतीचं, वर-खाली सारखं भांडं हवं होतं. रात्रभर उघड्यावर राहिलेलं.

शाळेमागे गुणाबाईच्या अंगणात रॉकेलचा चौकोनी रिकामा डबा होता. पत्रा कापून तोंड मोकळं केलेला. बाई पोचल्या तेव्हा गुणाबाई तो म्हशीपुढं ओतायला उचलत होती.

“थांबा, थांबा! सांडू नका!”

“अवो, पावसाचं पाणी हाय बाई, दूध न्हाई!”

बाईंनी फूटपट्टी आत उभी धरली. ओल सहा सेंटिमीटरच्या जरा वर थांबली होती. त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की म्हैस बिचकली.

पण मग बाकीकडं किती पडला हे बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. दोन कोसांवरच्या ग्यानोबाच्या शेतात तसाच डबा होता. चिखल तुडवत त्या तिथं गेल्या. पट्टी जेमतेम अडीच सेंटिमीटर भिजली.

“ग्यानोबा, तुमच्याकडं पाऊस लवकर थांबला का?”

“न्हाई, पहाटंपस्तोर होता. पर बारीक. तुमच्याकडल्या ढगाचं पोट मोठं असंल.”

बाईंनी पोस्टातून परत फोन केला, तेव्हा कारकुनानं एकसष्ट लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा वादळाची बातमी आली, तेव्हा बाईंनी आठ घरी सांगून डबे मांडायला लावले. रात्री पाऊस झाला आणि सकाळी डबे मोजून त्यांनी आठही आकडे फोनवर वाचायला घेतले.

“बाई, रकाना एकच हाय!”

“मग तुम्ही शाळेतला लिहा,” बाई म्हणाल्या. “बाकीच्या डब्यांत एवढा फरक का पडतो ते मला बघायचंय.”

पोस्टातून निघून त्या परत ग्यानोबाच्या शेताकडं चालू लागल्या. त्याच्या शेताजवळच्या नाल्यापलीकडं मांडलेल्या डब्यात कालपासून काहीच का पडलं नव्हतं, हे ग्यानोबाला विचारायचं होतं.