पिवळा मारणारा प्रिंटर

घरात रंगीत लेझर प्रिंटर घ्यायचं शेडबाईंनी ठरवलं तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "ठेवायचा कुठे?" यावरून कुणाला वाटेल की त्यांचं मत विचारलं गेलं होतं. तसं काही नव्हतं. त्यांना फक्त कळवण्यात आलं होतं.

शेडबाई म्हणजे आप्पांची बायको. हे नाव त्यांना सासरचं नव्हे, माहेरचंही नव्हे, कारखान्याचं. भिंतींना लावायचे रंग बनवणाऱ्या त्या कारखान्यात रंगाची शेड जमली की बिघडली, याचा निकाल उभी हयात त्यांनीच दिला. आणि तोही नमुन्याचं कार्ड शेजारी न धरता! कार्ड बघून काय, कुणीही जुळवेल, असं त्यांचं म्हणणं. त्या पिंपात डोकावायच्या, क्षणभर ओठ मुडपायच्या आणि म्हणायच्या, "चिमूटभर काळा." चिमूटभर काळा पडायचा, मग कुणीतरी चोरून कार्ड लावून बघायचं आणि मुकाट्याने ते परत खिशात घालायचं. सगळ्या शेडा बाईंना तोंडपाठ होत्या. तोंडपाठ म्हणण्यापेक्षा डोळेपाठ म्हणावं.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी एक यंत्र आलं. तेव्हापासून त्या घरातल्या पडद्यांशी भांडत असत. पडदे काही उलट बोलत नसत, त्यामुळे भांडणात रंगत नव्हती. अशात कारखान्याच्या नव्या मॅनेजरीणबाईंचा फोन आला. गिऱ्हाइकांना दाखवायला रंगसंगतीची एक पुस्तिका काढायची होती, कुठल्या खोलीला कोणता रंग, त्याच्या शेजारी कोणता. नमुन्याची प्रत बाईंनी करून द्यावी. दुकानदारांना पसंत पडली, तर दर मोसमाची पुस्तिका बाईंकडेच.

फोन ठेवून शेडबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, कुणाला तरी अजून माझा डोळा हवाय." आप्पांना इतका आनंद झाला की ते उगाचच जाऊन नळ घट्ट करून आले.

छपाई बाहेर करून घ्यायचा सवालच नव्हता. बाहेरचा माणूस रंगाचं वाटोळं करतो, हे बाईंचं ठाम मत होतं. म्हणून प्रिंटर घरातच हवा.

आप्पांबद्दल इथेच सांगून टाकलेलं बरं. आप्पा लिफ्टचे मेकॅनिक. आवाजावरून लिफ्टचं दुखणं ओळखणारा माणूस. पण आप्पांना रंगातलं काही कळत नाही, हा त्या घरातला कायदा होता. लग्न नवीन असताना कारखान्याच्या एका समारंभात त्यांनी कुठल्याशा मोरपंखी भिंतीला सगळ्यांसमोर "छान आकाशी आहे" म्हटलं होतं. त्यावर सगळे इतके हसले की आप्पांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून त्यांच्या जगात दोनच रंग उरले, फिकट आणि गडद. शर्ट बाई काढून ठेवत, आप्पा घालत. तक्रार कुणाचीच नव्हती.

दुकानातला विक्रेता बोलण्यात तरबेज होता. फोटोंसाठी शाईचा प्रिंटर कसा उत्तम, हे त्याने तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं. शेडबाईंनी ऐकून घेतलं, अंगठा जिभेला लावला आणि त्याच्या सुंदर नमुन्यावर फिरवला. नमुन्यातल्या फुलाला शेपूट फुटलं.

"रंगाच्या दुकानात पुस्तिकेला शंभर हात लागणार," बाई म्हणाल्या. "आणि महिनाभर नाही वापरला तर शाई वाळून बसणार. लेझर दाखवा."

लेझरच्या पानावर अंगठा फिरला, पण पान जागचं हललं नाही. आत शाई नसते, रंगाची बारीक पूड असते आणि ती तापलेल्या रुळाखाली कागदावर वितळून बसते, हे ऐकल्यावर आप्पा खुलले. रूळ म्हटल्यावर विषय त्यांचा झाला. मागचं दार कसं उघडतं, कागद अडकला तर हात कुठून घालायचा, वजन किती, त्यांनी विक्रेत्याला भंडावून सोडलं.

"यात लाखो रंग निघतात बरं का, काकू," विक्रेत्याने शेवटचं अस्त्र काढलं.

"आत डबे चारच ना? मग रंग चारच," शेडबाई म्हणाल्या. "बाकी सगळं जुळवणं."

खोकं घरी आलं ते दोघांनी मिळून उचललं. म्हणजे आप्पांनी उचललं आणि बाईंनी "सांभाळून, सांभाळून" म्हटलं. खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं. आप्पांनी त्यावर सपाटी मोजायची पाणपातळी ठेवून बघितली, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि मगच प्रिंटरला बसायची परवानगी दिली. मग सुरू झाल्या त्या पॅकिंगच्या नारिंगी चिकटपट्ट्या. दारावर पट्टी, ट्रेवर पट्टी, प्रत्येक डब्याच्या पोटात पट्टी. आप्पा एकेक पट्टी ओढून टेबलाच्या कडेला ओळीने लावत होते, कारण एखादी आत राहिली तर पहिल्याच पानाला मशीन रडणार, हे त्यांनी ओळखलं होतं. रंगाचे डबे त्यांनी आडवे धरून हलकेच हलवले आणि खटकन बसवले. तो खटका ऐकून त्यांच्या जिवात जीव आला.

वाय-फायने मात्र नाकी नऊ आणले. प्रिंटरच्या एवढ्याशा पडद्यावर पासवर्ड टाकायचा, तोही आप्पांच्या जाड बोटांनी. "कॅपिटल आहे का हो ते?" "कोणतं?" "मी काय म्हणतेय तेच." "तू काहीच म्हणत नाहीयेस." शेवटी घरगुती कलह पेटायच्या आत मशीन जोडलं गेलं. घरघरलं, तापलं आणि पहिलं पान हळूच बाहेर आलं. चार रंगांचे चार पट्टे, कडा कातरल्यासारख्या. आप्पांनी ते नवजात बाळासारखं दोन्ही हातांवर घेतलं.

शेडबाईंनी ते खिडकीशी नेलं. रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात, हा त्यांचा नेम. त्यांनी ओठ मुडपले.

"पिवळा मारतोय," त्या म्हणाल्या.

इथून पुढचे दिवस आप्पा सहजासहजी विसरणार नाहीत. आधी दोष कागदावर आला. कागदच पिवळट आहे म्हणून दुसरा आणला, मग तिसरा, जाड आणि पांढराशुभ्र. तोही पिवळा मारत होता. मग मशीनच्या सेटिंगमध्ये शिरून बाईंनी पिवळा कमी केला, निळा चढवला. पान काढलं, खिडकीशी नेलं. अजून जरा निळा. मशीनला स्वतःचे रंग स्वतः तपासायची सोय होती, तीही आप्पांनी चालवून पाहिली. मशीनच्या मते सगळं आलबेल होतं. बाईंच्या मते मशीनला अक्कल नव्हती.

"बदामी म्हणजे कसा, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे," त्या म्हणत. "हा तिथे पोचतच नाहीये."

आणि आप्पांना काय दिसत होतं? त्यांना दिसत होतं की पानावरची बदामी भिंत रोज जरा जरा आजारी पडत चालली आहे. आधी राखाडी झाली, मग तिच्यावर निळसर झाक आली. उन्हाळी पिवळ्या रंगाची बैठकीची खोली तर आता बर्फाच्या कारखान्यासारखी दिसत होती. एकदा त्यांनी धीर करून म्हटलं, "जरा निळसर नाही ना वाटत?"

शेडबाईंनी चष्म्यावरून बघितलं. रागाने नव्हे, मायेनेच. "अहो, तुम्ही नका त्यात पडू."

आप्पा पडले नाहीत. इतकी वर्षं चुकत आलोय, आजही चुकत असणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि मूग गिळून ट्रेमध्ये कागद भरला. पण रात्री जेवताना ते मनाशी हिशेब मांडत राहिले. ही प्रत अशीच गेली आणि आप्पांचं खरं निघालं, तर त्या दुकानदारांसमोर बाईंचा डोळा कायमचा निकालात निघणार होता. आणि आप्पांचं खोटं निघालं, तर काहीच बिघडणार नव्हतं. तरी तोंड उघडायचं म्हटलं की त्यांना तो जुना हशा ऐकू यायचा.

प्रत द्यायच्या आदल्या दुपारी शेवटची छपाई सुरू झाली. अर्धी पानं निघाली आणि जाड कागद आत अडकला. लाल दिवा लुकलुकायला लागला. आप्पांनी मागचं दार उघडून पान ओढलं, पण त्याचा एक कोपरा फाटून आतच राहिला. आप्पांचा हात त्या फटीत जाईना.

"सरका," शेडबाई म्हणाल्या. "टॉर्च धरा."

त्या वाकल्या. चष्मा आड येत होता, तो काढून ठेवला. फट एवढीशी, म्हणून गाल मशीनला टेकवून एकाच डोळ्याने आत बघितलं. "दिसतोय तुकडा." बोटं पोचेनात, तेव्हा त्यांनी मान दुसऱ्या बाजूला कलती केली आणि दुसऱ्या डोळ्याने बघितलं. मग थांबल्या.

"टॉर्च बदललात का?"

"नाही गं. हीच आहे."

त्यांनी पुन्हा मान इकडे केली, पुन्हा तिकडे केली. आप्पांना वाटलं, मानेत लचक भरली. मग बाईंनी तो तुकडा अलगद काढला, खिडकीशी नेला आणि तळहाताने एक डोळा झाकला. मग दुसरा. कितीतरी वेळ त्यांचं हेच चाललं होतं. आप्पा टॉर्च विझवायची विसरून उभे होते.

"उजव्याने पांढरा," शेडबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "डाव्याने चहा सांडल्यासारखा. दोन्ही उघडले की डावाच जिंकतो."

लिफ्टची दुखणी ओळखणाऱ्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. "मोतीबिंदू असेल," ते घाईघाईने म्हणाले. "अगं, काढतात तो. माझ्याबरोबरच्या वायरमनचा काढला ना, तिसऱ्या दिवशी पेपर वाचत होता. आपण लगेच दाखवू…"

"दाखवू. ते नाही विचारत मी." त्यांनी छापलेलं पान पुढे धरलं. "हे तुम्हाला कसं दिसतंय?"

"फिकट."

"रंग विचारतेय मी."

आप्पांनी पान हातात घेतलं. "निळं. सगळंच निळं. भिंतीला थंडी वाजतेय असं वाटतं."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा निळा चढवलास तेव्हापासून. मी ते चार पट्ट्यांचं पहिलं पान बघितलं होतं ना, ते बरोबर होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, नेहमीसारखं माझंच चुकतंय."

शेडबाई खुर्ची ओढून बसल्या. डोळ्याचं दुःख होतंच, नाही असं नाही. ज्या एका गोष्टीवर आयुष्य काढलं तिनेच दगा दिला होता. पण त्याहून जास्त त्यांना समोर उभ्या असलेल्या माणसाचं वाईट वाटत होतं. दोन धड डोळे घेऊन हा माणूस आपल्या शेजारी वावरला आणि त्याला जे दिसतं ते खरं मानायची सोयच आपण ठेवली नाही. हे त्यांना फार लागलं.

मग त्या उठल्या आणि सगळ्या सेटिंगा मूळ पदावर आणल्या. मॅनेजरीणबाईंना फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं की माझा डोळा बिघडलाय, इलाज होईल, पण तोवर त्याच्यावर विश्वास नाही.

"मग पुस्तिका?" पलीकडून काळजीचा सूर आला.

"ती उद्याच मिळेल. रंग मी निवडलेत, जुळवणारा डोळा दुसऱ्याचा असेल. चालेल?"

"कुणाचा?"

"घरातलाच आहे."

"तुम्ही भरवसा देणार असाल तर चालेल, बाई," मॅनेजरीणबाई म्हणाल्या.

आप्पांची पाचावर धारण बसली. "अगं, मी? तू उजवा डोळा वापर की!"

"उजवाही किती खरा, देव जाणे. बसा इथे."

कपाटातून कारखान्याची जुनी नमुना कार्डं निघाली. उभ्या आयुष्यात जी त्यांनी शेजारी धरली नव्हती, ती त्यांनी आप्पांच्या हातात दिली. डावीकडे कार्ड, उजवीकडे छापलेलं पान. "काय कमी आहे, काय जास्त आहे, एवढंच सांगा. नावं नका ठेवू रंगांना, नावं मी ठेवते."

सुरुवातीला आप्पांच्या तोंडून "हे जरा गडद" याच्या पुढे शब्द निघेना. बाई घाई करत नव्हत्या. "गडद म्हणजे काळ्याने की लालाने?" त्या विचारत आणि वाट बघत. आप्पा पुन्हा बघत. "लालाने," ते हळूच म्हणाले. बाईंनी लाल थोडा उतरवला. नवं पान आलं. "आता पिवळा कमी पडतोय. किंचित." मग त्यांचा आवाज मोकळा होत गेला. बैठकीची खोली ऊबदार झाली, निजायच्या खोलीतला हिरवा शांत झाला. एक पान तर बाईंनी काही विचारायच्या आतच आप्पांनी नापास केलं.

बदामी सगळ्यात शेवटी आला. चार वेळा पान काढलं. पाचव्या वेळी आप्पांनी कार्ड त्याच्या कडेला लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"जुळला," ते म्हणाले.

शेडबाईंचा हात सवयीने पानाकडे गेला, खिडकीशी न्यायला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी पान टेबलावरच राहू दिलं आणि आप्पांच्या तोंडाकडे बघितलं.

"नक्की?"

"नक्की," आप्पा म्हणाले.

शेडबाईंनी पानाकडे न बघता छपाईचं बटण दाबलं.